खानोलकर सर आणि यम्माची चांदी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी वसंत गोविंद खानोलकर हे नाव घेतो. वडिलांसमोरही घेतलं आहे. वडील करमाळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ब्रश रॉकेलमध्ये धुता धुता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी तुला एस.टी. स्टँडपर्यंत सोडला. पुढं त्यांनीच नेला."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. सिव्हिलची पदवी घेऊन आखातात, रास अल खैमाला आलो, तेव्हा पदवी खिशात होती पण तिचं करायचं काय हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या कंपनीचं काम सोपं सांगायचं तर असं: रस्ता किंवा इमारत बांधायच्या आधी त्या जमिनीखाली काय आहे ते शोधून द्यायचं. केबली, पाण्याचे पाइप, जुने पाये, बुजवलेल्या विहिरी. त्यासाठी निरनिराळी यंत्रं होती आणि त्या सगळ्या विभागाचे प्रमुख होते खानोलकर सर.

पहिल्या दिवशी मी लवकर गेलो, स्टोअरमधून मशीन काढलं, पुसलं, बॅटरी तपासली आणि ते घेऊन गाडीजवळ उभा राहिलो. सर आले. बुटका, काळासावळा माणूस, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, आणि डोक्यावरून मानेभोवती गुंडाळलेला पंचा. हेल्मेट त्या पंचाच्या वर.

"हे कशाला काढलंत?"

"साइटवर जायचंय ना, सर."

"जायचंय. तिथं पूर्वी कोण राहत होतं?"

मला माहीत नव्हतं. मला तर साइट कुठे आहे हेही माहीत नव्हतं.

"मग ठेवा आत. मशीन सगळ्यात शेवटी."

हे वाक्य पुढच्या काही वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलं की आता माझ्या हाताखालची पोरं ते माझ्या तोंडून ऐकतात आणि मागं एकमेकांकडे बघून हसतात.

सर हाताखालच्या प्रत्येकाला अहो-जाहो करायचे. मी 'मानेसाहेब'. केरळचा ड्रायव्हर 'अब्दुलभाई'. नवीन साइटवर ते गेटातून कधी शिरायचे नाहीत. आधी जवळची कॅफेटेरिया शोधायचे. अर्धा कडक चहा मागायचे आणि तो अर्धा तास पुरवायचे. कॅफेटेरियावाला, शेजारचा इस्त्रीवाला, पठाण वॉचमन, मशिदीतून बाहेर पडणारा कुणी म्हातारा, सगळ्यांशी बोलायचे. त्यांची अरबी मोडकी आणि हिंदी त्याहून मोडकी, दोन्हींना वेंगुर्ल्याचा हेल. पण लोक त्यांना सांगत. मला वाटतं, सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही एवढी एकच गोष्ट ते करत, आणि तीच इथं फार कमी लोक करतात. इथं प्रत्येकाला यल्ला, म्हणजे चला चला, म्हणायची घाई.

एकदा एका रिकाम्या प्लॉटवर मोठी क्रेन उभी करायची होती. ड्रॉइंग कोरं होतं, जमिनीखाली काही नाही. सर जवळच्या शिंप्याकडे बसले. शिंपी म्हणाला, इथं फार वर्षांपूर्वी बर्फाचा कारखाना होता, माशांच्या गाड्या पहाटे रांगेत उभ्या राहायच्या. सर उठले. "मानेसाहेब, बर्फ म्हणजे पाणी. पाणी म्हणजे टाकी. आता काढा मशीन." टाकी निघाली, पोकळ, बरोबर जिथं क्रेनचा पाय टेकणार होता तिथं. क्लायंटचा इंजिनिअर सरांना म्हणाला, "यू आर व्हेरी लकी."

"येस," सर म्हणाले, "टी वॉज आल्सो गुड."

माझं इंग्रजी कच्चं होतं. मीटिंगमध्ये मी खाली बघून बसायचो. ते सरांच्या लक्षात आलं असणार, पण त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त प्रत्येक रिपोर्टमधला जागेच्या इतिहासाचा भाग माझ्याकडे सोपवला. "आधी मराठीत लिहा. मराठीत तुम्हाला धड कळलं नसेल तर इंग्रजीत क्लायंटला काय कळणार?" मी लिहायचो, ते तपासायचे. त्या शिंप्याच्या वेळी मी लिहिलं होतं, 'स्थानिक माहितीनुसार'. त्यावर त्यांनी रेघ मारली. "स्थानिक माहिती कोण? शिंप्याला नाव नसतं?" मी परत गेलो, त्याचं नाव विचारून आलो. रिपोर्टात शिंप्याचं नाव छापलं गेलं. त्याची एक प्रत सरांनी त्याला नेऊन दिली. तो ती कपाटात कापडाच्या ताग्यांमध्ये ठेवायचा.

असे रिपोर्ट लिहीत लिहीतच मी मीटिंगमध्ये मान वर करायला शिकलो. कारण त्या जागेबद्दल मला माहीत असायचं तेवढं त्या खोलीत कुणालाच माहीत नसायचं. हे सगळं ते जाणून करत होते, हे मला फार उशिरा कळलं.

ऑफिसातलं हे वेड सरांनी घरीही नेलं होतं. त्यांच्याकडे स्वतःचं एक छोटं मेटल डिटेक्टर होतं, हौसेचं. थंडी सुरू झाली की शनिवारी ते कुटुंबाला घेऊन कुणाच्या तरी शेतावर नाहीतर जुन्या घराच्या अंगणात जायचे. मी तेव्हा एकटाच राहत होतो, बायको रेखा आणि मुलगी चिमी करमाळ्याला, म्हणून मलाही हाक यायची. काकू घावणे आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून घ्यायच्या. पण निघण्याआधी शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अभ्यास व्हायचा. जागा कुणाची, आधी कुणाची होती, पाणी कुठून यायचं, लोक बसायचे कुठे. मालकाची आणि सरकारी खात्याची परवानगी हातात आल्याशिवाय मशीन गाडीत चढायचं नाही. पुरातन काही दिसलं तर हात न लावता फोन करायचा, हा त्यांचा नियम.

त्यांची मुलगी मृणाल अबुधाबीला बँकेत होती. शनिवार-रविवार घरी यायची. ती वैतागायची. "बाबा, इट्स अ पिकनिक, नॉट अ टेंडर."

"तू त्यांना आज ओळखतेस काय?" काकू म्हणायच्या. "मला बघायला यायच्या आधी यांनी आमच्या घराची गावात चौकशी केली होती. पोस्टमनपासून."

"अँड? काय निघालं?"

"निघालं काय, विहिरीला मे महिन्यात पाणी नसतं. आणि मी."

सर खाली मान घालून नकाशा बघत राहायचे, पण त्यांचे कान हसायचे. खरंच, हसू दाबलं की त्यांचे कान हलत.

एवढा अभ्यास करून निघायचं काय? सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, तंबूच्या खुंट्या, गळाची शिसं. सर प्रत्येक वस्तू रुमालावर मांडून ती तिथं कशी आली असेल ते सांगायचे, आणि मृणाल वैतागलेली असूनही ऐकायची.

आता यम्माबद्दल सांगितलं पाहिजे.

खानोलकर ज्या जुन्या व्हिलाच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहत, तिच्या भिंतीपलीकडे अबू सालेम यांचं घर होतं. बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला, शांत माणूस. त्यांच्या आईला सगळा मोहल्ला यम्मा, म्हणजे आई, म्हणायचा. यम्मा हिंदी बोलायची. तिचा नवरा गलबतावर मुंबईला जायचा, तिथून कापड आणि भाषा दोन्ही घेऊन यायचा. सरांना ती 'मुहंदिस' म्हणायची, म्हणजे इंजिनिअर. काकू रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसायच्या.

सरांच्या इथल्या शेवटच्या हिवाळ्यात यम्मा एकच गोष्ट मागू लागली. मेरी चाँदी निकालो. दरवाज़े के पास रखी है, मिट्टी में.

अबू सालेमनी एक दिवस भिंतीशी उभं राहून सरांना सांगितलं, "मुहंदिस, माँ का दिमाग अभी ठीक नहीं. रोज चाँदी, चाँदी. मैंने नई चाँदी ला के दिया. उसने मेड को दे दिया."

"तिनं ठेवलीय म्हणते तर ठेवली असेल," सर म्हणाले. मग लक्षात येऊन हिंदीत म्हणाले, "माँ बोलती है, तो है."

"डॉक्टर बोलता है, भूल जाती है सब."

"आज का भूलती होगी. पुराना नहीं."

यम्माच्या घराण्याचं दगडी घर समुद्राकाठच्या जुन्या वस्तीत अजून उभं होतं. छप्पर गेलेलं, पण भिंती आणि दाराची चौकट शाबूत. सरांनी नेहमीप्रमाणे अभ्यास सुरू केला. विमानातून काढलेले जुने फोटो मिळवले. यम्माजवळ बसून विचारलं, "दरवाज़ा किधर था?"

"जिधर से हवा आती थी."

दगडी घराला दार एकच, समुद्राच्या बाजूला. यापेक्षा स्पष्ट काय असणार? अबू सालेमनी मालक म्हणून सही दिली, खात्याचं पत्र आलं, आणि शनिवारी आम्ही सगळे गेलो. मृणालच्या हातात मशीन, आवाज आला की काकू तिथं छोटी झेंडी रोवायच्या, अबू सालेमची मुलं उकरायची, मी माती चाळायचो. सर चौकटीपासून अंतरं मोजत उभे. खिळे निघाले, गंजलेलं कुलूप निघालं, टिनाची झाकणं, एक मोठा गळ. चांदी नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो, चौकटीच्या आतली बाजू, बाहेरची बाजू, मग सगळं अंगण. चांदी नाही.

"ख़लास, मुहंदिस," अबू सालेम म्हणाले. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. ते रागावले नव्हते. त्यांना आधीपासून हेच वाटत होतं.

पण घरात एक बदल झाला, आणि तो सरांना दिसला. आधी यम्मा चाँदी म्हणाली की घरचे काहीतरी उत्तर द्यायचे. हाँ यम्मा, देखेंगे यम्मा, इन्शाल्ला यम्मा. आता नातू सरळ सांगायचा, "यम्मा, उधर कुछ नहीं है. मशीन से देखा." मशीननं पाहिलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. ती जेवणात मीठ कमी आहे म्हणाली तरी सुना एकमेकींकडे बघू लागल्या. सर भेटायला गेले तेव्हा यम्मानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी साइटवर जाताना सरांनी गाडीत हे मला सांगितलं. मग म्हणाले, "मानेसाहेब, आपण त्या बाईला खोटं पाडलं."

"सर, आपण तर शोधलं."

"तेच. शोधलं नसतं तर ती खरी राहिली असती."

सरांची निवृत्ती जवळ आली होती. इथं निवृत्ती म्हणजे फक्त नोकरी संपत नाही, व्हिसा संपतो आणि त्याबरोबर राहणंही. जिथं मुलगी लहानाची मोठी झाली ते घर ठरलेल्या तारखेला रिकामं करून द्यायचं. काकूंनी सामान बांधायला घेतलं. ऑफिसात निरोपाचा केक झाला. सर प्रत्येकाशी नीट बोलले, पण त्यांचं मन कुठे होतं ते मला माहीत होतं. केक कापताना ते मला हळूच म्हणाले, "त्या घराला मागचं दार असेल का हो? बुजवलेलं?" मी फोटो पुन्हा पाहिले. नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी सर आणि काकू यम्माचा निरोप घ्यायला गेले. सामानाच्या गाडीचं बघायला मी आलो होतो, म्हणून बरोबर गेलो. सर दाराजवळ उभे राहिले. यम्मानं त्यांच्याकडे बघितलं नाही. काकू मात्र तिच्या पलंगावर बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. आम्हाला ऐकू येत नव्हतं.

बाहेर पडताना सर पायरीवर बूट घालत होते. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "बिचारी अजून चांदीचंच सांगते. म्हणाली, पुरली तेव्हा हाताला रुतबचा रस होता. चिकट. माती हाताला बसली, धुतलीसुद्धा नाही."

सरांच्या एका पायात बूट होता. दुसरा हातात.

"काय म्हणाली? पुन्हा सांग."

"रुतब हो. ओला खजूर. आपण आणतो ना जूनमध्ये." आणि मग काकू स्वतःच थांबल्या. "अहो, समुद्राच्या काठाला कुठला आलाय ओला खजूर?"

सर तसेच एका पायात बूट घालून आत गेले. इथल्या घरात कुणी असं करत नाही, सरांनी तर जन्मात केलं नसतं. ते पलंगाशी खाली बसले.

"यम्मा, गर्मी में आप लोग किधर रहते थे?"

यम्मानं मान वळवली. खुळ्या पोराकडे बघावं तसं तिनं त्यांच्याकडे बघितलं. "गर्मी में समुंदर पे कौन रहता है? बाग में."

अबू सालेम दारात आले होते. ते म्हणाले, "हाँ, पहले सब लोग जाता था. गर्मी में खजूर के बाग में, पहाड़ के नीचे. मैं छोटा था तब बंद हुआ, करंट आया, ए.सी. आया. लेकिन मुहंदिस, उधर घर किधर था? खजूर के पत्ते का होता था. हर साल नया बनाता था."

"उसी जगह?"

"उसी जगह. कुएँ के पास."

"वो बाग अभी है?"

"सूखा पड़ा है. पानी खारा हो गया. अभी उधर नया रास्ता जाता है ना. अगले महीने समतल करेगा."

सर पायरीवर येऊन बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या रस्त्याचा सर्व्हे आमच्याच विभागानं केला होता. बागेत वाळलेली झाडं, एक पंप आणि काटेरी तार. विचारायला माणूस नव्हता, म्हणून सरांनी फोटो पाहिले, आणि फोटोत भिंत नव्हती. रिपोर्टवर सही त्यांची होती.

"वस्ती नव्हती, असं मी लिहून बसलोय," ते म्हणाले. "पाया दिसला नाही म्हणून. आमच्याकडे घर म्हणजे जोतं, चिरे, उंबरा. पानांचं घर ते घर नाही असं मी कधी ठरवलं कुणास ठाऊक."

काकू म्हणाल्या, "अहो, उद्या विमान आहे."

"माहीत आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी बांधलेली एक पेटी उघडून आपलं मशीन बाहेर काढलं आणि माझ्याकडे दिलं. बागेच्या जुन्या फोटोची प्रत दिली. त्यात विहिरीजवळ एक पुसट डाग होता. पानांचं घर आकाशातून एवढंच दिसतं. "रेखाताई आणि मुलगी आल्यात ना आता? त्यांना घेऊन जा. एकट्यानं जाऊ नका. आणि यम्माला आधी तिथं न्या. मग मशीन."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला निघालो. विमानतळ दुबईला, आणि बाग उलट दिशेला, डोंगराच्या पायथ्याशी. सर म्हणाले, "मानेसाहेब, जरा डावीकडे घ्या." काकूंनी पर्समधले पासपोर्ट पुन्हा एकदा पाहिले.

बागेत झाडांचे नुसते खांब उरले होते. काहींचे शेंडे गळून पडले होते. रस्त्याच्या आखणीचे खुंट लागले होते, लाल फिती लावलेले. सर प्रवासाचे कपडे घालून तारेखालून वाकून आत गेले. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं होतं. हातात काही नव्हतं. ते विहिरीपर्यंत गेले, तिथं उभे राहिले, डोंगराकडे तोंड केलं, मग समुद्राकडे, मग पुन्हा डोंगराकडे. मग हळूहळू चालत त्यांनी विहिरीभोवतीची जागा पालथी घातली. प्रत्येक पावलाला खाली बघत. मी गाडीजवळ उभा होतो. मला जाता आलं असतं, पण गेलो नाही. काकूंनी काच खाली केली आणि हाक मारली, "अहो." एकदाच. ते परत आले. बुटांत वाळू गेली होती. ती त्यांनी काढली नाही. विमानतळावर काचेच्या दारातून आत जाताना मी त्यांना पाहिलं, ट्रॉलीमागं बुटकी पांढरी पाठ. पण माझ्या मनात राहिलं आहे ते बागेतलं उभं राहणंच. त्यानंतर मी सरांना पाहिलं नाही.

गेल्या वर्षी ते वेंगुर्ल्यात वारले. झोपेतच. काकूंनी त्यांचं कपाट आवरलं तेव्हा मी पाठवलेलं पत्र सापडलं. मृणालनं त्याचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'ही शोड धिस टू एव्हरीवन. इव्हन द पोस्टमन.' ते पत्र मी खाली जसंच्या तसं देतो. सरांना जे सांगायचं होतं ते मी त्यात सांगितलं आहे, आणि आज लिहिलं असतं तरी वेगळं लिहिता आलं नसतं.

*

आदरणीय सर आणि काकू,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगणार होतो, पण तुम्ही म्हणाल रिपोर्ट कुठे आहे, म्हणून लिहितो.

रोलर यायच्या आधीच्या शनिवारी आम्ही बागेत गेलो. अबू सालेम यांना तयार करायला वेळ लागला. ते म्हणाले, पुन्हा काही मिळालं नाही तर आई जेवायची सोडेल. मी म्हटलं, खानोलकर सरांनी सांगितलंय. मग ते तयार झाले. रस्त्याच्या लोकांची आणि खात्याची परवानगी घेतली होती. रेखा आणि चिमी बरोबर होत्या. अबू सालेम यांची मोठी मुलगीही आली होती.

यम्माला खुर्चीत बसवून विहिरीजवळ नेलं. मशीन गाडीतच होतं. मी विचारलं, झोपायचात कुठे, चूल कुठे होती, शेळ्या कुठे बांधायचात. काही आठवलं, काही नाही. मग म्हटलं, हवा कुठून यायची? तिनं डोळे मिटले. मी आणि अबू सालेम यांनी तिची खुर्ची हळूहळू फिरवली. डोंगराकडे तोंड आलं तेव्हा ती म्हणाली, बस. रात की हवा. समुद्राची हवा दिवसाची, सर. झोपायला डोंगराची. तिनं खुर्चीच्या उजव्या बाजूला बोट दाखवलं.

मग मशीन काढलं. रेखाच्या हातात दिलं. बऱ्याच ठिकाणी पंपाचे बोल्ट निघाले. एका ठिकाणी आवाज वेगळा आला, बारीक आणि स्पष्ट. मी उकरलं नाही. अबू सालेम यांना सांगितलं. ते गुडघ्यावर बसले आणि हातानं माती काढली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा लागलं.

चांदीच होती, सर. घुंगरांचे दोन वाळे, कापडात एकत्र बांधलेले. कापड हात लावताच गेलं. वाळे काळे पडलेले. इतके लहान की चिमीच्या मनगटातही गेले नसते. अबू सालेम म्हणाले, ये तो बच्चे का है. यम्मा म्हणाली, शम्मा का.

त्यांच्या मोठ्या मुलीचं नाव शम्मा. आजीनंच हट्टानं ठेवलेलं. ती तिथंच उभी होती. अबू सालेम म्हणाले, नहीं यम्मा, ये बहुत पुराना है. यम्मा म्हणाली, ये नहीं. पहली शम्मा.

अबू सालेम यांना आपल्याआधी एक बहीण होती हे माहीत नव्हतं, सर. साठी ओलांडली तरी कुणी सांगितलं नव्हतं. वडील गलबतावर होते. बागेत त्या पोरीला ताप आला. यम्मा तिच्यासाठी रुतब सोलत बसली होती, तेवढ्यात ती गेली. दफन करताना पायातले वाळे यम्मानं स्वतः काढले. जवळ ठेवता येईनात, कुणाला देता येईनात. म्हणून दाराशी पुरले. हाताचा रस धुतला नाही, काकूंना म्हणाली होती ना.

अबू सालेम यांनी वाळे आईच्या हातात दिले. मग त्यांनी आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. घरी गेल्यावर सुनांनी, नातवांनी, सगळ्यांनी मागितली. आता ती काहीही म्हणाली तरी घरात सगळे थांबून ऐकतात. मीठ कमी म्हणाली तर मीठ घालतात.

रस्त्याच्या रिपोर्टला मी दुरुस्ती पाठवली आहे. बागेत उन्हाळी वस्ती होती, विहिरीजवळ, दार डोंगराच्या बाजूला. माहिती देणार म्हणून यम्माचं नाव लिहिलं. तिचं खरं नाव मौझा आहे. तुमची सही मी बदलली नाही, खाली माझी केली.

परत निघताना यम्मा म्हणाली, मुहंदिस क्यों नहीं आया? अबू सालेम म्हणाले, वो अपने घर गया. तिनं वाळे ओढणीच्या टोकात बांधले आणि माझ्याकडे बघून विचारलं, कौन सा घर?

मी तिची खुर्ची गाडीकडे वळवली. तुम्ही काय सांगितलं असतं, ते कळवा.

आपला,
माने